माल चोख आहे, मजकूरही चोख हवा
वेबसाईटवर आपल्या गुळाची, तांदळाची, हळदीची ओळख कशी लिहावी?

‘बोलणाऱ्याची बोरंही खपतात आणि न बोलणाऱ्याचे आंबेही पडून राहतात,’ असे आपल्याकडे म्हणतात. आठवडी बाजारात ही म्हण दर खेपेला खरी होताना दिसते. दोन पाट्या शेजारी शेजारी असतात, दोन्हीत माल सारखाच असतो. पण जो विक्रेता गिऱ्हाइकाच्या हातावर खडा ठेवून ‘चाखून बघा, परवाच्या आदणाचा आहे’ असे म्हणतो, त्याची पाटी आधी रिकामी होते.

आता बाजार मोबाईलमध्ये आला आहे. गुऱ्हाळवाले, महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी पर्यटन केंद्रे असे सगळेच वेबसाईट काढू लागले आहेत. तालुक्याच्या गावातला एखादा हुशार पोरगा पाच-दहा हजारांत वेबसाईट करून देतो. फोटो झकास असतात, रंग छान असतात. आणि मजकूर? तो साधारण असा असतो: ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे. गुणवत्ता हेच आमचे ध्येय. ग्राहकांचे समाधान हाच आमचा आनंद. एकदा अवश्य भेट द्या.’

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा मजकूर पुन्हा एकदा वाचा. तो गुळाचा आहे की सिमेंटच्या दुकानाचा, हे कळते का? पुण्या-मुंबईच्या बाईने तो वाचला तर तिला तुमच्या गुळाबद्दल एक तरी गोष्ट समजली का? नाही. मग ती तुमचे पान बंद करते आणि दुसऱ्याचे उघडते. वर्षभर राबून पिकवलेला ऊस, रात्र-रात्र चुलवाणापुढे काढलेला गूळ, आणि तो विकला जात नाही तो चार ओळी धड न लिहिल्यामुळे! सौद्यात मिळणारा भाव आणि शहरातल्या दुकानात पुडक्यावर छापलेला भाव यात जे अंतर असते, त्यातला मोठा वाटा मालाची ओळख करून देणाऱ्याला मिळतो. ती ओळख आपण स्वतः नीट करून दिली तर तो वाटा आपल्या घरात राहील. म्हणून हा लेखप्रपंच.

उदाहरण गुळाचे घेऊ. कोल्हापूर आणि गूळ यांचे नाते सांगायला नको. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. २०१४ साली ‘कोल्हापूर गूळ’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण पुढे जे सांगितले आहे ते आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला, सांगलीच्या हळदीला, मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि तुमच्या गावच्या पापड-चटणीलाही तितकेच लागू आहे.

गिऱ्हाईक काय विचारते?

वेबसाईटचा मजकूर लिहायला बसताना कोरा कागद पुढे ठेवून विचार करत बसू नका. त्याऐवजी आठवा, की गेल्या वर्षभरात गिऱ्हाइकांनी तुम्हाला काय काय विचारले. गुऱ्हाळावर आलेला पाहुणा, प्रदर्शनातल्या स्टॉलवर थांबलेली बाई, फोन करणारा दुकानदार या सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. हा गूळ कुठला? ऊस स्वतःचा की विकतचा? रंग असा काळपट का? पावडर घातली आहे का? पुरणाला चालतो का, चिक्कीला चालतो का? किती दिवस टिकतो? किलोला काय भाव? घरपोच मिळेल का? खराब निघाला तर काय?

हे नऊ-दहा प्रश्न एका वहीत उतरवून काढा. प्रत्येकाखाली तुम्ही तोंडाने जे उत्तर देता तेच लिहा. तुमच्या वेबसाईटचा मजकूर म्हणजे हाच! बाकीचे सगळे तोंडी लावणे. लिहायला हात वळत नसेल तर मोबाईलवर बोलून टाईप करायची सोय आहे. घरातल्या पोराला प्रश्न विचारायला सांगा आणि तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलता तसे बोलत जा. नंतर त्यातली शुद्धलेखनाची डागडुजी करून घ्या.

प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आपण बहुतेक वेळा आजोबांनी गुऱ्हाळ कधी सुरू केले, तिथपासून सुरुवात करतो. तो इतिहास मोलाचा आहे, पण त्याची जागा खाली. गिऱ्हाइकाला आधी हवे असते: काय आहे, कुठले आहे, केवढ्याला आहे आणि कसे मागवायचे. लोक वेबसाईट मोबाईलवर अंगठ्याने सरकवत वाचतात. पडद्यावर पहिल्यांदा जेवढे दिसते तेवढ्यात या चार गोष्टी आल्या नाहीत, तर खालचे आजोबा वाचायला कोणी थांबत नाही.

विशेषणे कमी, आकडे जास्त

‘उत्कृष्ट’, ‘दर्जेदार’, ‘सर्वोत्तम’, ‘चविष्ट’ हे शब्द स्वस्त असतात. ते चांगला माल विकणाराही लिहितो आणि भेसळ करणाराही लिहितो. त्यामुळे गिऱ्हाईक त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. विश्वास बसतो तो आकड्यावर, नावावर आणि तपशिलावर. कारण तपशील खोटा लिहायला माणूस कचरतो.

आता हे बघा. ‘आमचा गूळ अत्यंत शुद्ध व पारंपरिक पद्धतीने बनवला जातो’ असे लिहिण्याऐवजी असे लिहून पाहा: ‘एक किलो गूळ काढायला आम्हाला साधारण नऊ किलो ऊस लागतो. रस काहिलीत उकळताना रानभेंडीचा चिकट रस घालून वर येणारी मळी काढतो. पाक तापून ११८ अंशांच्या आसपास आला की काहील उतरवतो.’ यात एकही विशेषण नाही. तरी वाचणाऱ्याला कळते, की हा माणूस खरोखर गुऱ्हाळ चालवतो, कुठून तरी पोती आणून पुडकी बांधणारा नव्हे.

तुम्हाला वाटेल, मळी काढणे ही काय सांगायची गोष्ट? आपल्याला ती रोजची आहे. पण मुंबईतल्या घरात काहील कोणी पाहिलेली नाही. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटाने कसा पाहतो, चिपाडावरच चुलवाण कसे पेटते, जाळव्याला आच कशी सांभाळावी लागते, हे त्यांना ठाऊक नाही. जे आपल्याला अगदी साधे वाटते तेच लिहावे. मात्र शब्द परका असेल तर तिथेच दोन शब्दांत उलगडून सांगावा. ‘काहील, म्हणजे रस उकळायची मोठी पसरट कढई’ एवढे लिहिले की पुरे.

एक सावधगिरी. आकडा लिहायचा तो तुमचाच. टनाला शंभर ते एकशेवीस किलोच्या आसपास गूळ पडतो, हा सर्वसाधारण हिशेब झाला. तुमच्या रानात, तुमच्या उसाला जो उतारा पडतो तोच लिहा. शेजाऱ्याच्या वेबसाईटवरचा मजकूर उचलून नाव बदलायचे काम तर मुळीच करू नका. हल्ली मोबाईलमधल्या एआयला सांगितले की तो दोन मिनिटांत गुळगुळीत मजकूर लिहून देतो. त्याची मदत शुद्धलेखनाला जरूर घ्या. पण तुमचे चुलवाण त्याने पाहिलेले नाही. न दिलेली माहिती तो मनाने घालतो आणि गिऱ्हाईक जाब विचारते ते तुम्हाला, एआयला नव्हे!

जे खटकणार, ते आधीच सांगा

गिऱ्हाइकाने गूळ मागवला, पुडके उघडले आणि आत तपकिरी, काळपट ढेप निघाली. तिला सवय आहे पिवळ्याधमक गुळाची. ती म्हणणार, ‘जुना माल दिला.’ प्रत्यक्षात तो पिवळा रंग पुष्कळदा हायड्रॉसमुळे आलेला असतो आणि ते न घातलेला गूळ गडद निघतो. हे गुऱ्हाळावर सगळ्यांना माहीत आहे, पण गिऱ्हाइकाला कोणी सांगितलेले नसते. मग तुमच्या पानावर ठळक लिहा: ‘आमचा गूळ तपकिरी असतो. रंग उजळण्यासाठी आम्ही हायड्रॉस वापरत नाही. उसाची जात आणि रान बदलले की रंगात थोडा फरक पडतो.’ जी गोष्ट तक्रार होणार होती, तीच आता मालाची खूण झाली.

तसेच चहाचे. गुळाचा चहा फुटतो, ही नेहमीची ओरड. तिथे लिहावे: ‘चहा दुधासह उकळून गॅस बंद करा, मग गूळ घाला.’ तसेच पावसाळ्याचे. गूळ हवेतले पाणी ओढतो आणि पाझरायला लागतो. ‘घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, ओला चमचा घालू नका, पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवला तरी चालेल’ या एका ओळीने पुढचे दहा फोन वाचतील.

काही जणांना भीती वाटते, की उणे सांगितले तर माल खपणार नाही. अनुभव उलटा आहे. बाजारात ‘मावशी, ही वांगी आजच करा, उद्यापर्यंत राहायची नाहीत’ असे सांगणाऱ्याकडेच मावशी पुढच्या आठवड्यात पुन्हा येते. चुन्याची निवळी घालत असाल तर तेही लिहा. रानात रासायनिक खत टाकत असाल आणि गुऱ्हाळात मात्र काही घालत नसाल, तर तेवढेच लिहा. लपवलेली गोष्ट उघडी पडली की सगळ्याच मजकुरावरचा विश्वास उडतो.

भावाची लपवाछपवी नको

‘भावासाठी संपर्क साधा’ ही ओळ पुष्कळ वेबसाईटवर दिसते. फोन करून भाव विचारायला शहरातले गिऱ्हाईक संकोच करते आणि भाव लिहिलेल्या दुसऱ्या पानाकडे वळते. म्हणून वजन, भाव आणि कुरिअरचा खर्च तिन्ही स्पष्ट लिहा. एक किलोची ढेप केवढ्याला, पाच किलो घेतल्यास काय, पुण्याला पोचवायला किती, नागपूरला किती. भाव बाजारापेक्षा जास्त असेल तर कारण द्या. ऊस किती लागतो, माणसे किती लागतात, आदणाला वेळ किती जातो, हे सांगितले की समंजस गिऱ्हाईक समजून घेते.

ही नुसती व्यवहाराची गोष्ट नाही, कायद्याचीही आहे. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० साली आले. ऑनलाईन विकणाऱ्याने आपले नाव, पत्ता, संपर्क, तक्रार कोणाकडे करायची, माल परत घेण्याची पद्धत आणि सर्व खर्च धरून एकूण किंमत उघड सांगावी, असा त्यांचा रोख आहे. वजनमापाच्या २०११ च्या नियमांनुसार पुडक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो, आणि यातली मुख्य माहिती ऑनलाईन विक्रीच्या पानावरही दाखवावी लागते. खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ आकडी क्रमांक असलाच पाहिजे. तो कोपऱ्यात बारीक अक्षरांत लपवू नका. जाणते गिऱ्हाईक हल्ली तो आधी शोधते.

हे शब्द लिहिण्याआधी दहादा विचार करा

आता सर्वांत महत्त्वाची बाब. आपण भाबडेपणाने काही शब्द लिहून जातो आणि मग नोटीस हातात पडते.

पहिला शब्द औषधाचा. ‘मधुमेहींना चालणारा गूळ’, ‘कॅन्सरवर गुणकारी हळद’, ‘सांधेदुखी मुळापासून बरी’ असले काही लिहू नका. गुळात मुख्यतः साखरच असते. मधुमेह असलेल्या माणसाने तुमच्या शब्दावर विसंबून तो खाल्ला तर त्याच्या जिवाशी खेळ होईल. शिवाय मधुमेह, कर्करोग अशा यादीतल्या रोगांवर इलाज म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानेच बंदी आहे. अन्नसुरक्षा कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. वेबसाईटवरचा मजकूर ही जाहिरातच समजली जाते, हे पक्के लक्षात ठेवा.

दुसरा शब्द ‘सेंद्रिय’. शेणखत टाकले म्हणून माल आपोआप कागदोपत्री सेंद्रिय ठरत नाही. २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून अन्न विकायचे तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा पीजीएस-इंडिया या गटपद्धतीचे प्रमाणपत्र लागते. थेट खाणाऱ्याला विकणाऱ्या लहान उत्पादकाला यातून काही सूट आहे, पण प्रमाणपत्राशिवाय ‘जैविक भारत’चे हिरवे चिन्ह कोणालाही वापरता येत नाही. प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक लिहा. नसेल तर जे करता तेवढे लिहा: ‘तीन वर्षांपासून या रानात रासायनिक खत टाकलेले नाही, शेणखत आणि पाचटाचे खत वापरतो.’ हे वाचून गिऱ्हाइकाला हवे ते कळते आणि तुम्हीही सुरक्षित राहता.

तिसरा शब्द ‘केमिकल-फ्री’, ‘शंभर टक्के शुद्ध’. सिद्ध करता येत नसेल तर लिहू नका. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून गुळाची तपासणी करून घ्या आणि अहवालाचा फोटो तारखेसह लावा. शंभर विशेषणांपेक्षा तो एक कागद बोलका असतो. ‘नैसर्गिक’, ‘ताजे’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ या शब्दांच्या वापरालाही अन्नपदार्थांच्या जाहिरातींच्या २०१८ च्या नियमांत अटी घातल्या आहेत.

चौथा शब्द मानांकनाचा. ‘कोल्हापूर गूळ’, ‘सांगलीची हळद’, ‘आजरा घनसाळ’, ‘हापूस’ ही नावे भौगोलिक मानांकन मिळालेली आहेत. मानांकनाचे चिन्ह लावायचे तर त्या भागात पिकवणे पुरेसे नाही. ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते. ही नोंदणी चेन्नईच्या भौगोलिक उपदर्शन नोंदणी कार्यालयाकडे होते. नोंदणी असेल तर ती अभिमानाने लिहा, क्रमांकासकट लिहा. बाहेरचा गूळ कोल्हापूरच्या नावाने विकला जातो म्हणून आपण ओरडतो. मग आपले नाव आपणच नियमाने वापरायला नको का?

एक नमुना

एवढे सांगितल्यावर प्रत्यक्ष मजकूर कसा दिसेल, हे पाहू. खालचे आकडे आणि तपशील नमुन्यापुरते आहेत. गाव, भाव, क्रमांक तुमचे तुम्ही घाला.

‘पन्हाळा तालुक्यातला गूळ, आमच्याच उसाचा, आमच्याच गुऱ्हाळातला.
एक किलोची ढेप इतके रुपये. कुरिअरसह पुण्याला इतके, मुंबईला इतके. खालच्या नंबरवर व्हॉट्सॲप करा. पैसे पोचल्यापासून तीन दिवसांत माल पाठवतो.
ऊस: आमचे चार एकर, जात को ९२००५. बाहेरचा ऊस घेत नाही.
गूळ: रस साफ करायला रानभेंडी वापरतो. हायड्रॉस वापरत नाही, म्हणून रंग तपकिरी. तपासणीचा अहवाल खाली जोडला आहे.
कशासाठी चालेल: पुरणपोळी, लाडू, चहा. चिक्कीसाठी हा गूळ नको, त्यासाठी वेगळा गूळ काढतो, तो आधी सांगून मागवावा लागतो.
कधी मिळेल: दसऱ्यानंतर गुऱ्हाळ सुरू होते. ताजा गूळ होळीपर्यंत. त्यानंतर शिल्लक असेल तरच.
खराब निघाला तर: पुडके उघडतानाचा फोटो दोन दिवसांत पाठवा. बदलून देऊ किंवा पैसे परत.
गुऱ्हाळ बघायला या. येण्याआधी फोन करा. सकाळी आलात तर गरम काकवी चाखायला मिळेल.’

दीडशे शब्दही झाले नाहीत. पण ‘चिक्कीसाठी हा गूळ नको’ या एका वाक्याने जो विश्वास मिळतो, तो ‘गुणवत्ता हेच आमचे ध्येय’ असे हजारदा लिहूनही मिळत नाही. आजोबांची गोष्ट, पुरस्कार, घरच्यांचे फोटो हे सगळे याच्या खाली येऊ द्या.

अक्षर आणि भाषा

मजकूर तयार झाला की तो टाईप करायला आपण तालुक्याच्या डीटीपी सेंटरवर देतो. इथे एक ग्यानबाची मेख आहे. लग्नपत्रिका, बॅनर यांच्यासाठी तिथे जुन्या पद्धतीचे फाँट वापरतात. त्या अक्षरांचा मजकूर तसाच वेबसाईटवर टाकला तर वाचणाऱ्याच्या मोबाईलवर भलतीच चिन्हे उमटतात. म्हणून ‘युनिकोडमध्येच टाईप कर’ असे बजावून सांगा. काही जण यावर उपाय म्हणून सगळा मजकूर चित्रावरच छापून टाकतात. तेही नको. चित्रातली अक्षरे शोधयंत्राला मजकुराइतकी नीट कळत नाहीत आणि मोबाईलवर ती बारीक दिसतात. फोटो फोटोच्या जागी आणि मजकूर मजकुराच्या जागी असावा.

गिऱ्हाईक गुगलवर काय टाईप करील, याचाही विचार करावा. कोणी ‘गूळ’ लिहितो, कोणी ऱ्हस्व ‘गुळ’ लिहितो, कोणी इंग्रजीतून ‘जॅगरी’ शोधतो. शीर्षकात आणि पहिल्या दोन ओळींत मालाचे नाव, तालुका आणि जिल्हा सरळ शब्दांत यावा. ‘गोडवा मातीचा’ असले शीर्षक कवितेला शोभते, पण ते कोणी शोधत नाही. ‘कोल्हापूरचा गूळ, थेट गुऱ्हाळातून’ असे असले तर सापडते. मात्र तेच तेच शब्द वीस वेळा घुसडू नका, वाचणाऱ्याला वीट येतो.

मराठी ठेवावी की इंग्रजी? गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचे असेल तर मराठी आधी, खाली साधे इंग्रजी. बंगळूर, हैदराबादला विकायचे असेल तर इंग्रजी हवेच. पण मराठीवरून यंत्राने केलेले भाषांतर जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय टाकू नये. ‘काकवी’, ‘ढेप’, ‘आदण’ यांची यंत्र काय वाट लावील, सांगता येत नाही.

वेबसाईटचे नाव आणि पासवर्ड आपल्याच नावावर, आपल्याच ताब्यात असावेत. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून आपण रान कसत नाही, तसेच हे. आणि वेबसाईटला पैसे नसतील तर अडून बसू नका. गुगलच्या नकाशावर धंद्याची नोंद आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग या दोन्ही सोयी मोफत आहेत. वरचाच मजकूर तिथेही चालतो.

दुसऱ्या मालाचे काय?

तत्त्व तेच, प्रश्न वेगळे. तांदूळवाल्याला विचारतात: जुना की नवा, वाटीला पाणी किती, भात मोकळा होतो की चिकट? हळदवाल्याला विचारतात: कुठल्या जातीची, कुरकुमीन किती, दळून कधी आणली? कुरकुमीनचा आकडा प्रयोगशाळेचा असावा, अंदाजाचा नको. पापड करणाऱ्या गटाला विचारतात: किलोत किती नग बसतात, मीठ-खार कितपत, उन्हात वाळवले की यंत्रात? चटणीवाल्यांनी तिखटपणा सांगताना ‘झणझणीत’ लिहून थांबू नये. ‘लहान मुलांना झेपणार नाही’ असे लिहावे, ते चटकन कळते.

कृषी पर्यटनवाल्यांनी तर फुलापाखरांची वर्णने आवरती घ्यावीत. हुरड्याला येणाऱ्या कुटुंबाला आधी हवे असते: रस्ता गाडी जाण्यासारखा आहे का, स्वच्छतागृह आहे का, म्हातारी माणसे बसू शकतील का, जेवण किती वाजता, माणशी किती, आणि हुरडा नक्की कोणत्या महिन्यात? ज्या पानावर ही सहा उत्तरे असतात, तिथून आधी बुकिंग होते.

ग्रामपंचायतीने एवढे करावे

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि बचत गटांच्या ताई यांनी मनावर घेतले तर हे काम गावच्या पातळीवर सोपे होईल. पुष्कळ ग्रामपंचायतींत आपले सरकार सेवा केंद्राचा संगणक आणि टाईप करणारा माणूस असतो. गावात कोण काय पिकवतो, काय बनवतो, किती आणि कोणत्या महिन्यात, अन्नसुरक्षेचा क्रमांक कोणाकडे आहे, याची एक यादी करावी. ज्यांच्याकडे क्रमांक नाही त्यांना नोंदणीसाठी मदत करावी. गावाची वेबसाईट असेल तर ‘आदर्श गाव, हिरवे गाव’ या घोषणांच्या शेजारी ही यादी टाकावी. तिचा उपयोग घोषणांपेक्षा जास्त होईल.

दुसरे असे, की एखाद्या शाळेत किंवा समाजमंदिरात एक संध्याकाळ मजकूर वाचनासाठी ठेवावी. प्रत्येकाने आपला मजकूर मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी गिऱ्हाईक होऊन प्रश्न विचारावेत. जिथे वाचताना अडखळायला होते तिथले वाक्य तोडावे. जिथे कोणी ‘म्हणजे काय?’ विचारील तिथे खुलासा घालावा. जिथे शेजारी गालात हसतील, तिथे बहुधा थाप आहे, ती काढून टाकावी! गावच्या माणसांपुढे जे छातीठोक वाचता येते, तेच जगापुढे मांडावे.

शेवटी एकच सांगणे. लिहिलेला मजकूर दगडावरची रेघ नव्हे. हंगाम संपला की ‘गूळ संपला, दसऱ्यानंतर मिळेल’ असे लगेच लिहा. भाव बदलला की आकडा बदला. फोन नंबर बदलला तर त्याच दिवशी दुरुस्त करा. ज्या पानावर गेल्या वर्षीचा भाव आणि बंद पडलेला नंबर असतो, ते पान नसलेले बरे. आपण रानात रोज एक फेरी मारतो. महिन्यातून एकदा वेबसाईटवरही फेरी मारावी आणि तण दिसले की उपटावे.

या आठवड्यात एवढेच करा. वही घ्या, गिऱ्हाइकांचे दहा प्रश्न उतरवा आणि त्यांची खरी उत्तरे लिहा. वेबसाईट करणारा पोरगा नंतर बोलवा.